मागे हॉटेल नाही

जपानमध्ये नागोयाजवळ इनुयामा नावाचं गाव आहे. तिथल्या तळ्याकाठच्या टेकड्यांवर मेइजी-मुरा हे खुलं वास्तुसंग्रहालय वसवलेलं आहे. ठिकठिकाणी पाडायला काढलेल्या जुन्या इमारती सुट्या करून इथे आणायच्या आणि पुन्हा जुळवून उभ्या करायच्या, असं हे काम. शाळा आहे, चर्च आहे, बँक आहे, पोस्ट आहे, तुरुंगसुद्धा आहे. आणि एक हॉटेल आहे. निदान लांबून पाहिलं तर ते हॉटेलच वाटतं. समोर लांबट हौद, त्यामागे बसकी, पसरलेली, पिवळसर विटांची इमारत. दारातून शिरताना छत इतकं खाली येतं की उंच माणूस आपसूक मान लववेल. चार पायऱ्या चढल्या की तेच छत एकदम तीन मजले वर जातं. दालनाच्या कोपऱ्यांत जाळीदार खांब आहेत, त्यांच्या पोटात दिवे लावलेले आहेत. खांबच उजेड देतात.

मी तिथे बराच वेळ काढला. माडीवरच्या कॅफेत चहा घेतला, विटांवरून हात फिरवला, मग बाहेर पडून इमारतीला वळसा घातला. मागे हॉटेलच नाही. खोल्या नाहीत, जेवणघर नाही, लांबलचक बोळ नाहीत. दालन संपतं तिथे इमारत संपते. बाकीचं सगळं टोकियोत 1967-68 मध्ये पाडून टाकलं.

हे टोकियोचं इम्पीरियल हॉटेल. अमेरिकी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने बांधलेलं. याची गोष्ट जगभर एकाच पद्धतीने सांगितली जाते: 1923 च्या भीषण भूकंपात सगळं टोकियो कोसळलं, हे एकटं हॉटेल उभं राहिलं. गोष्ट छान आहे आणि निम्मीच खरी आहे. मला तिच्यापेक्षा दुसरी एक गोष्ट मोलाची वाटते. भूकंपाच्या दिवशी ज्या माणसाने हे हॉटेल आगीपासून राखलं, तोच माणूस हॉटेल पाडायचं ठरलं तेव्हा कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीवर बसलेला होता. त्याच्याकडे आल्याशिवाय या हॉटेलचा इतिहास पुरा होत नाही, असं माझं मत झालंय. पण त्याआधी बरंच काही सांगायला हवं.

हॉटेलची कल्पना निघाली ती राजकारणातून. पाश्चात्त्य सत्तांनी जपानवर लादलेले एकतर्फी तह रद्द करून घ्यायचे, तर आपण त्यांच्या बरोबरीचे आहोत हे दाखवायला हवं, असं परराष्ट्रमंत्री इनोउए काओरु यांचं म्हणणं होतं. त्यासाठी 1883 मध्ये टोकियोतल्या हिबिया भागात रोकुमेइकान नावाचा प्रासाद उभा राहिला. इंग्रज वास्तुविशारद जोसाया कॉन्डरने बांधलेला. तिथे जपानी सरदार आणि त्यांच्या बायका विलायती पोशाखात, विलायती सुरांवर नाचत. पण नाच संपल्यावर परदेशी पाहुण्याने झोपायचं कुठे? त्याच्या तोलामोलाचं हॉटेल राजधानीत नव्हतं. उद्योगपती शिबुसावा एइइची आणि ओकुरा किहाचिरो यांनी भांडवल उभं केलं, आणि 1890 च्या नोव्हेंबरात रोकुमेइकानला लागूनच पहिलं इम्पीरियल हॉटेल उघडलं. वातानाबे युझुरु या जपानी वास्तुविशारदाने ते जर्मन वळणावर बांधलं होतं. साठेक खोल्यांचं, देखणं, पण विसाव्या शतकाला लवकरच अपुरं पडू लागलेलं.

नवं हॉटेल हवं हे ठरल्यावर व्यवस्थापक हायाशी आइसाकु यांनी राइटचं नाव पुढे केलं. हायाशी पूर्वी न्यूयॉर्कमध्ये यामानाका या कलावस्तूंच्या पेढीत होते आणि राइटला उकियो-ए, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या जपानी चित्रांचं वेड होतं. 1905 मध्ये पहिल्यांदा जपानला आला तेव्हापासून तो ही चित्रं विकत घेत आला होता. म्हणजे एवढ्या मोठ्या कामाची सोयरीक चित्रांच्या बाजारातून जुळली. त्या वेळी राइटला अमेरिकेत नीट कामं मिळत नव्हती. 1914 मध्ये त्याच्या घरातल्या नोकराने घराला आग लावून सात जणांचा जीव घेतला होता. राइटची जोडीदार आणि तिची दोन मुलं त्यात गेली. वर्तमानपत्रं त्याच्या खाजगी आयुष्यावर आधीपासूनच टपलेली. 1917 च्या सुरुवातीला तो टोकियोत उतरला तेव्हा त्याला या कामाची गरज होती. हॉटेलला त्याची होती त्याहून जास्तच.

आता दगडाविषयी. माझा सगळ्यात जास्त जीव अडकला तो त्यातच.

टोकियोच्या उत्तरेला तोचिगी प्रांतात उत्सुनोमियाजवळ ओया नावाची जागा आहे. तिथे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला दगड निघतो. हलका, हिरवट-करडा, आणि इतका मऊ की साध्या अवजाराने त्यावर नक्षी कोरता येते. त्याच्या अंगावर तपकिरी चिकणमातीचे डाग असतात, त्यांना तिथले लोक मिसोच म्हणतात, सोयाबीनच्या तपकिरी लगद्याच्या नावावरून. उघड्यावर ठेवला की हे डाग झिजून जातात आणि दगडाला भोकं पडतात. कोठारं, कुंपणाच्या भिंती, पाये अशा कामांना ओया दगड वापरायची रीत होती. राजधानीच्या सगळ्यात मानाच्या हॉटेलला तो लावायचा हे कुणाच्या मनात आलं नसतं. संगमरवर लावा, ग्रॅनाइट लावा, पण हा कोठाराचा दगड? राइट हटून बसला. त्याला ती भोकंच हवी होती. उजेड पडला की प्रत्येक भोकात सावली बसते आणि भिंत जिवंत होते. पाथरवटांनी या दगडाचे हजारो तुकडे कोरले: चौकोनात चौकोन, पायऱ्यापायऱ्यांची कंगोरेदार नक्षी, मोराच्या पिसाऱ्यावरून सुचलेले आकार. विटा तोकोनामेच्या. हे मातीच्या भांड्यांचं जुनं गाव. राइटला हव्या तशा पिवळ्या, दर्शनी बाजूवर उभ्या ओरखड्यांच्या विटा कुणीच करत नव्हतं, म्हणून हॉटेलने तिथे खास विटांसाठी भट्टी घातली. त्या ओरखड्यांवर बोट फिरवलं की एकेक रेघ जाणवते. एकही दुसरीसारखी खोल नाही. पुढे जपानभर अशा ओरखडेदार टाइल्सची लाट आली. 1920-30 च्या दशकातल्या सरकारी कचेऱ्या आणि विद्यापीठांच्या इमारतींवर त्या आजही दिसतात.

खुर्च्या, दिवे, गालिचे, बशा, सगळं राइटने स्वतः रेखाटलं. षट्कोनी पाठीची ती प्रसिद्ध मोर-खुर्ची इथलीच. खर्चाचा आकडा फुगत फुगत मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला. संचालकांना घाम फुटला, आणि मला त्यांचा राग येत नाही. पाहुण्याच्या बशीवरचं वर्तुळ किती मोठं असावं यावर दिवस घालवणारा माणूस पदरी बाळगायचा, तर तिजोरी तशी हवी.

हौदाची गोष्ट राइट स्वतः रंगवून सांगत असे. पैसे वाचवायला संचालकांनी समोरचा हौद गाळायचं ठरवलं. राइट अडून बसला: भूकंपानंतर आग लागते, नळ फुटतात, तेव्हा हेच पाणी कामाला येईल. हौद राहिला.

आणि मग पाया. हिबिया ही मुळात समुद्राची खाडी. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश टोकुगावा इएयासुने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला भराव घालून ती बुजवली. त्यामुळे वर अडीचेक मीटर बरी जमीन आणि खाली पंधरा-वीस मीटर नुसता चिखल. राइट आणि त्याचा बांधकामप्रमुख पॉल म्यूलर यांनी ठरवलं की चिखलाच्या तळापर्यंत जायचंच नाही. वरच्याच थरात आखूड आखूड काँक्रीटचे खांब दाटीवाटीने घालायचे आणि इमारत चिखलावर तरंगती ठेवायची. भूकंप आला की चिखल धक्का गिळेल, असा त्याचा हिशोब. इमारतही एकसंध न करता तुकड्यातुकड्यांत जोडलेली, आणि मजल्यांची जमीन मधल्या आधारावर तोललेली. वेटर तळहातावर ट्रे तोलतो तशी, हे राइटचंच वर्णन. हॉटेलच्या वास्तुविशारदाला यापेक्षा नेमकी उपमा कुठून सुचणार?

काम 1919 मध्ये सुरू झालं आणि रखडत राहिलं. 1922 च्या 16 एप्रिलला जुनं 1890 चं हॉटेल जळून गेलं. व्यवस्थापक हायाशींना जबाबदारी घेऊन पायउतार व्हावं लागलं. म्हणजे राइटचा एकमेव पाठीराखाच गेला. जुलैत राइटही बोटीत बसला. इमारत अपुरी होती. तो परत कधीच जपानला आला नाही. उरलेलं काम त्याचा जपानी शिष्य एन्दो आराताने पुरं केलं, आणि याचं श्रेय त्याला देताना लोक हात आखडतात ते मला पटत नाही. इमारत कागदावर सुंदर असणं वेगळं, आणि मालक कंटाळलेले, गुरू निघून गेलेला, पैसे संपलेले असताना ती शेवटच्या विटेपर्यंत नेणं वेगळं.

1923 च्या 1 सप्टेंबरला उद्घाटनाची मेजवानी होती. पाहुणे यायला लागले होते, स्वयंपाकघरात धांदल होती. दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना जमीन हलली. 7.9 तीव्रतेचा कांतो भूकंप. टोकियो आणि योकोहामा मिळून एक लाखाहून जास्त माणसं गेली. त्यातली बहुतेक भूकंपाने नव्हे, तर आगीने. जेवणाची वेळ होती, घरोघर चुली पेटलेल्या होत्या. होंजो भागात लष्करी कपड्यांच्या कारखान्याच्या मोकळ्या जागेत जीव वाचवायला जमलेले सुमारे 38,000 लोक एकाच जागी जळून मेले. हा आकडा लिहिताना हात थांबतो, पण तो लिहिला नाही तर हॉटेल उभं राहिलं या वाक्याला काही अर्थच राहत नाही.

तेव्हाचे नवे व्यवस्थापक होते इनुमारु तेत्सुझो. मंचुरियातल्या हॉटेलात अगदी खालच्या पायरीपासून कामाला लागलेले, पुढे लंडन आणि न्यूयॉर्कच्या हॉटेलांत राबून धंदा शिकलेले. पहिला धक्का बसताच ते स्वयंपाकघराकडे धावले आणि मुख्य वीजपुरवठा बंद करायला लावला. स्वयंपाकघर विजेवर चालणारं होतं. आग आतून लागली नाही. बाहेरून येणाऱ्या ठिणग्यांशी नोकरमाणसं बादल्या घेऊन झुंजली. नळ बंद पडले होते. पाणी आणलं त्या हौदातून, ज्याच्यावर संचालक फुली मारणार होते. पुढचे दिवस हॉटेलने बेघरांना जेवायला घातलं. वकिलातींनी आणि वृत्तसंस्थांनी तिथेच तात्पुरत्या कचेऱ्या थाटल्या. देवळं जळून गेल्याने लग्नं अडली, तर हॉटेलने आपल्या छताखाली देवस्थान आणून लग्नविधीही सुरू केले. जपानमध्ये हॉटेलात लग्न लावायची प्रथा रुजली ती इथपासून.

आता ती निम्मी खरी गोष्ट. राइट त्या वेळी अमेरिकेत होता. हॉटेल नष्ट झाल्याच्या बातम्या आल्या, आणि मग काही दिवसांनी ओकुरांच्या नावाची तार: हॉटेल तुमच्या प्रतिभेचं स्मारक म्हणून अभंग उभं आहे, अशा अर्थाची. राइटने ती वर्तमानपत्रांना दिली आणि दंतकथा जन्माला आली. ती तार मुळात ओकुरांनी लिहिली की राइटनेच, याबद्दल अभ्यासकांना दाट शंका आहे. अभंग तर ते नक्कीच नव्हतं. मधला भाग खचला होता, काही मजल्यांच्या जमिनी फुगल्या होत्या, कोरीव दगड निखळून पडले होते. आणि एकटंही नव्हतं. थोड्याच अंतरावर मारुनोउचीत जपान इंडस्ट्रियल बँकेची त्याच वर्षी बांधलेली इमारत जवळपास ओरखडाही न येता उभी होती. तिची रचना नाइतो ताचू या अभियंत्याची. त्याने भिंतीच अशा ताठ आणि मजबूत घातल्या होत्या की धक्का त्यांनी सोसावा. पुढे जपानची भूकंपरोधक बांधणी नाइतोच्या वाटेने गेली. 1958 चा टोकियो टॉवरही त्याचाच. मऊ चिखल धक्का गिळत नाही, उलट वाढवतो, हे आज भूकंपशास्त्राचा विद्यार्थीही सांगेल. हॉटेल वाचलं ते बुटकं, रुंद आणि जोडाजोडांनी बांधलेलं होतं म्हणून, आणि त्या दिवशी माणसं जागेवर होती म्हणून.

या दंतकथेने हॉटेलचं नुकसान केलं, असं मला वाटतं. जगाने त्या इमारतीला न पडणारी म्हणून डोक्यावर घेतलं आणि ती खचतेय याकडे कौतुकाने डोळेझाक केली. ज्या तरंगत्या पायाचे गोडवे गायले जात होते, तोच तिचा आजार होता. भार सगळीकडे सारखा नव्हता. जड भाग जास्त रुतले, हलके कमी. वर्षागणिक जमिनी वाकड्या होत गेल्या. ओया दगडाची भोकं वाढत गेली. टोकियोतला धूर आणि पाऊस त्याला सोसेना.

तोवर हॉटेलने बरंच पाहिलं. 1932 मध्ये चार्ली चॅप्लिन उतरला, 1934 मध्ये बेसबॉलचा बेब रूथ आला, 1954 मध्ये मेरिलिन मन्रो आणि जो डिमॅजिओ नवपरिणीत जोडपं म्हणून आले. 1945 च्या मेमधल्या बॉम्बवर्षावात दक्षिणेकडची बाजू आणि मेजवानीचं मोठं दालन जळालं. ज्या हॉटेलला भूकंपाने आग लावली नाही त्याला ती राइटच्याच देशाच्या विमानांनी लावली. युद्धानंतर त्याच देशाच्या सैन्याने हॉटेल ताब्यात घेतलं, ते 1952 पर्यंत. परत मिळालं तेव्हा डागडुजी झाली, मागच्या जागेत 1954 आणि 1958 मध्ये नव्या इमारती उठल्या. त्यातल्या दुसरीत त्याच वर्षी एक उपाहारगृह निघालं, जिथे ठराविक पैशांत पोटभर, हवं ते वाढून घ्यायचं. इनुमारुंनी डेन्मार्कमध्ये पाहिलेली पद्धत. जपानमधली बुफेची चाल तिथून सुरू झाली. धंद्याची अशी दृष्टी असलेला हा माणूस, आणि त्याच्या हातात होतं ते वाकड्या जमिनींचं, गळक्या छपरांचं हॉटेल.

1960 च्या दशकात हिशोब बदलला. तोवर टोकियोत इमारतीची उंची 31 मीटरपर्यंत बांधलेली होती. 1963 मध्ये कायदा बदलला. 1968 मध्ये कासुमिगासेकीत देशातली पहिली गगनचुंबी इमारत उभी राहिली, 36 मजली. हिबिया बागेसमोरची, राजवाड्याच्या हाकेच्या अंतरावरची जागा, आणि तिच्यावर तीन मजले पसरलेलं, अडीचशेहून थोड्या जास्त खोल्यांचं हॉटेल. 1970 मध्ये ओसाकाचं जागतिक प्रदर्शन होणार होतं, लाखो परदेशी यायचे होते. 1967 मध्ये हॉटेल पाडायचं जाहीर झालं.

विरोध जोरदार झाला. जपानी वास्तुविशारद एकत्र आले, परदेशातून पत्रं आली, राइटची विधवा ओल्गिवाना स्वतः टोकियोला येऊन विनवून गेली. राइट 1959 मध्येच गेला होता. कंपनीचे अध्यक्ष होते इनुमारु तेत्सुझो. तेच. 1923 मध्ये स्वयंपाकघराकडे धावलेले. ते बधले नाहीत. 15 नोव्हेंबर 1967 ला हॉटेल बंद झालं आणि लगेच तोडकाम सुरू झालं.

मी या माणसाचा खूप विचार केलाय. वास्तुकलेच्या इतिहासात त्याची जागा खलनायकाची आहे. पण ज्याने आयुष्यभर त्या बोळांतून फेऱ्या मारल्या, कुठल्या खोलीत पाणी गळतं, कुठलं दार जमीन खचल्याने अडकतं हे ज्याला तोंडपाठ होतं, त्याच्यासाठी हॉटेल म्हणजे काय असेल? भिंती की पाहुण्याची सोय? 1923 च्या त्या दुपारी त्याने राइटच्या नक्षीसाठी धाव घेतली नव्हती. धाव घेतली ती आत असलेल्या माणसांसाठी आणि चालत्या धंद्यासाठी. 1967 मध्येही तो तेच राखत होता. एवढं समजूनही माझं मत असं आहे की त्याचा निर्णय चुकला. मागे नव्या इमारती बांधल्याच होत्या. पुढचा भाग तिथेच राखून मागे उंच जाता आलं असतं. पैशाने ते महाग पडलं असतं, पण महागडेपणासाठीच तर ते हॉटेल जन्मापासून प्रसिद्ध होतं.

दर्शनी भाग वाचला तो मेइजी-मुरामुळे. पंतप्रधान सातो एइसाकु अमेरिकेला गेले असताना पत्रकारांनी हॉटेलबद्दल छेडलं आणि त्यांनी ते मेइजी-मुरात हलवू असं सांगून टाकलं, अशी हकीगत सांगितली जाते. संग्रहालयाला मग ते अंगावर घ्यावंच लागलं. मेइजी सम्राटाचा काळ 1912 मध्ये संपतो आणि हॉटेल 1923 चं. म्हणजे नावाप्रमाणे तिथे त्याला जागाच नव्हती, तरी घेतलं. उभारायला 1970 पासून 1985 पर्यंत वेळ गेला, मूळ हॉटेल बांधायला लागला त्याच्या जवळपास चौपट. ओया दगड इतका झिजला होता की बऱ्याच ठिकाणी तो परत लावताच आला नाही. त्याच्या जागी तसेच दिसणारे काँक्रीटचे साचेबंद तुकडे बसवले. मी ज्या भोकांवरून हात फिरवला त्यांतली किती पाथरवटाची आणि किती साच्याची, हे मला डोळ्यांनी ओळखता आलं नाही. वाईट वाटलं नाही, हे मुद्दाम सांगते. त्या दालनात उभं राहिल्यावर छत खाली येणं आणि एकदम वर जाणं, हे अंगाला कळतं, आणि ते फोटोतून कधीच कळलं नसतं.

मेइजी-मुराचं स्वप्न पाहणारा माणूस म्हणजे वास्तुविशारद तानिगुची योशिरो. 1940 च्या सुमारास रोकुमेइकान पाडलं गेलं, तेच नाचाचं सभागृह, ज्याच्या शेजारी पहिलं इम्पीरियल उभं राहिलं होतं. तानिगुचींना ते लागलं, त्यांनी त्यावर लिहिलं, आणि ही रुखरुख मनात धरून पुढे रेल्वे कंपनीतले आपले शाळूसोबती त्सुचिकावा मोतोओ यांना बरोबर घेऊन 1965 मध्ये हे संग्रहालय उघडलं. रोकुमेइकानला ते वाचवू शकले नव्हते. त्याच्या शेजाऱ्याच्या वारसाचा पुढचा भाग मात्र त्यांच्या पदरात आला.

याच तानिगुचींनी टोकियोतल्या दुसऱ्या एका हॉटेलचं मुख्य दालन घडवलं होतं. हॉटेल ओकुरा, 1962. ते काढलं ओकुरा किहाचिरोंच्या मुलाने. युद्धानंतर इम्पीरियल त्याच्या हातून गेलं होतं, म्हणून त्याने नवं हॉटेलच उभं केलं. तानिगुचींच्या दालनात गोल मेजांभोवती खुर्च्या अशा मांडलेल्या की वरून पाहिलं तर प्लमचं फूल दिसावं, आणि छतातून माळांसारखे षट्कोनी दिवे सोडलेले. 2015 मध्ये तेही पाडलं. पुन्हा जगभरातून आर्जवं, पुन्हा तसाच नकार, पुन्हा जागतिक स्पर्धांची आणि जास्त खोल्यांची निकड. 2019 मध्ये नवं ओकुरा उघडलं, उंच मनोऱ्यांचं. पण मनोऱ्याच्या तळाशी जुनं दालन पुन्हा रचलेलं आहे, तेच दिवे, तीच फुलांची मांडणी. ते रचलं तानिगुचींचे चिरंजीव, स्वतः थोर वास्तुविशारद असलेले तानिगुची योशिओ यांनी. बापाने दुसऱ्याचं दालन वाचवलं, मुलाने बापाचं.

हे कळल्यावर माझं रागावणं थोडं निवळलं. रोकुमेइकान पाडलं तेव्हा फारसं काही उरलं नाही. इम्पीरियल पाडलं तेव्हा एक दालन दूरच्या टेकडीवर उरलं. ओकुरा पाडलं तेव्हा दालन आपल्या जागेवरच पुन्हा आलं, आणि तिथे आजही माणसं सामान ठेवून आपल्या खोलीची किल्ली घ्यायला थांबतात. पाडण्याची हौस कमी झाली नाही, पण पाडताना लाज वाटायला लागली आहे.

टोकियोच्या हिबियात आज जे इम्पीरियल हॉटेल आहे ती 1970 ची 17 मजली इमारत. ती साधी, चोख, आणि मला बिलकूल न आवडलेली. तिच्या आत एक अंधारलेला बार आहे, तिथे राइटच्या हॉटेलमधला भिंतीचा एक तुकडा बसवलाय, कोरीव दगड आणि भाजक्या मातीची नक्षी असलेला. तिथे बसून मी त्याच्याकडे पाहत राहिले. इथला दगड तर मूळचाच, शंभर वर्षांपूर्वी ओयाच्या खाणीतून निघालेला, पाऊस लागत नसल्याने झिजणं थांबलेला. ही इमारतही आता जाणार आहे. 2031 पासून ती पाडून नवी बांधायची आणि 2036 मध्ये उघडायची अशी योजना आहे, आणि त्सुयोशी ताने या तरुण वास्तुविशारदाचा आराखडा पाहिला तर त्यात पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे राइटचे आकार ओळखू येतात. पाडणाऱ्यांच्याच कंपनीने पाडलेल्याची आठवण काढत नवं बांधायचं ठरवलंय. मी ते पाहायला जाणार आहे, आणि गेले की आधी त्या बारमधल्या भिंतीची चौकशी करणार आहे.